पंधरा तारखेचा रविवार

(प्रस्तावना)

१३ डिसेंबर २०२४, शुक्रवार. बँकेच्या डीलिंग रूममधून माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते. अ‍ॅडव्हान्स टॅक्सची तारीख तोंडावर आली होती आणि आमच्या कंपनी-खातेदारांचा पैसा सरकारकडे जायचा होता. अंदाज बांधणाऱ्या नव्या मॉडेलच्या पडद्यावर पैसा आटण्याचा दिवस म्हणून तोच शुक्रवार दिसत होता. मी तीन दिवसांचा पैसा चढ्या भावाने उचलला. शनिवार-रविवार तो नुसता पडून राहिला. सोमवारी सकाळी परत केला. आणि मंगळवारी, कराचा पैसा खरोखर बँकेतून निघाला त्या दिवशी, आम्ही पुन्हा कॉल बाजारात, बँका एकमेकींना रात्रीपुरता पैसा देतात तिथे, हात पसरून उभे.

चूक क्षुल्लक होती. १५ डिसेंबर त्या वर्षी रविवारी आला. मुदतीचा दिवस सुट्टीचा असला की भरणा पुढच्या कामाच्या दिवशी चालतो, आणि बँकेने गोळा केलेला कर रिझर्व्ह बँकेतल्या सरकारच्या खात्यात पोचतो त्याच्याही दुसऱ्या दिवशी. मॉडेलला शिकवताना ‘पंधरा तारीख’ असा एक रकाना केला होता आणि सुट्टी आली तर मागच्या कामाच्या दिवशी सरकायचं, अशी सोय कुणीतरी करून ठेवली होती. शिवाय शनिवारपासून सीआरआर (ठेवींचा रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागणारा हिस्सा) पाव टक्क्याने उतरणार होता, म्हणजे शुक्रवारी रिझर्व्ह बँकेत जेवढी शिल्लक लागत होती त्याहून कमीवर शनिवारपासून भागणार होतं. हे आठवडाभर आधी जाहीर झालेलं होतं. रविवारचा नियम तर मला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. पण पडद्यावर आकडा होता, त्याला दशांशचिन्हानंतर दोन स्थळं होती, आणि मी मान डोलावली.

ते मॉडेल बनवणारी मुलगी म्हणजेच या पुस्तकाची लेखिका. मंगळवारी संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “सर, रकाना चुकला.” मी म्हटलं, “रकाना तुझा, पण सौदा माझा.” या पुस्तकाला मी प्रस्तावना लिहावी हा तिचा हट्ट तेव्हापासूनचा. मला यंत्राला शिकवण्याचं गणित येत नाही, हे मी तिला अनेकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, तेच हवंय. तेव्हा गणित पुस्तकात आहे असं समजून वाचकाने माझ्याकडून बाकीचं ऐकावं.

पहिल्यांदा ‘बँकिंग व्यवस्थेतली तरलता’ म्हणजे काय ते. वर्तमानपत्रं रोखता म्हणतात, डीलिंग रूममध्ये नुसतं ‘लिक्विडिटी’ किंवा त्याहून सोपं, ‘पैसा टाइट आहे’, ‘पैसा ढिला आहे’. हा पैसा म्हणजे तुमच्या-माझ्या खात्यातली शिल्लक नव्हे. प्रत्येक बँकेचं रिझर्व्ह बँकेत एक खातं असतं आणि बँकांचं आपसातलं देणं-घेणं त्या खात्यांतून मिटतं. सगळ्या बँकांच्या त्या खात्यांत गरजेपेक्षा जास्त पैसा असला तर बँका तो रात्रीपुरता रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात, कमी असला तर तिच्याकडून उसना घेतात. दिवसाअखेरीस सगळ्यांनी मिळून किती ठेवलं आणि किती उचललं, याची वजाबाकी म्हणजे तो आकडा. एका बँकेने दुसरीला हजार कोटी दिले तर या आकड्यात काही हलत नाही; एका खिशातून दुसऱ्या खिशात. व्यवस्थेतला एकूण पैसा हलतो तो रिझर्व्ह बँकेच्या भिंतीला असलेल्या मोजक्या दारांतून. लोक नोटा काढतात किंवा भरतात, ते एक. सरकार कर गोळा करतं आणि खर्च करतं, ते दुसरं. रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेते किंवा विकते, ते तिसरं. रोख्यांची खरेदी-विक्री आणि सीआरआर हे चौथं, पण ते रिझर्व्ह बँक स्वतः, जाहीर करून उघडते.

या पुस्तकातली सगळी गणितं अखेर या दारांपाशी पहारा देण्याची आहेत. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीतून मला जे एक कळलं ते असं: कुठल्याही दाराला मॉडेल लावण्याआधी त्या दारातून कोण ये-जा करतं ते बघावं. कोट्यवधी माणसांची सवय, की दहा माणसांच्या खोलीतला निर्णय? सवयीला गणित लागू पडतं. निर्णयाला फारसं नाही, आणि लागू पडल्यासारखं वाटतं तेव्हा तर जास्तच जपून.

ही विभागणी नवी नाही. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ला सुरू झाली, पण मुंबईचा पैसा हंगामाप्रमाणे टाइट होतो हे त्याच्या कितीतरी आधी इथल्या सराफांना पाठ होतं. पावसाळा संपला, खानदेश-वऱ्हाडात कापूस फुटला, की चांदीचे रुपये मुंबईहून आत जायला लागत. बँक ऑफ बाँबेचा दर पावसाळ्यात तीन-चार टक्के असे तो हंगामात सात-आठवर चढे. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवलेल्या केन्सने १९१३ साली ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’मध्ये या चढउताराचा हिशेब मांडला, आणि त्यात सरकारलाही धरलं: ऐन हंगामात शेतसारा गोळा व्हायचा आणि तो पैसा बाजारात न राहता सरकारच्या राखीव खजिन्यांत कुलूपबंद व्हायचा. म्हणजे पहिली दोन दारं शंभर वर्षांपूर्वीही तीच होती. कापूस ही सवय, कुलूप हा निर्णय. स्वातंत्र्यानंतरही रिझर्व्ह बँकेचं पतधोरण कित्येक वर्षं तेजीचा हंगाम आणि मंदीचा हंगाम अशा दोन वेळांना जाहीर होत असे. आज कापसाने कॉल दर हलत नाही, पण ते शब्द जुन्या फायलींत अजून सापडतात.

नोटांचं दार मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात माणसं दिसतात. सांगलीचा एखादा हळदीचा व्यापारी दोन लाख रुपये काढतो तेव्हा लगेच काहीच होत नाही. नोटा बँकेच्या तिजोरीतून जातात. मग शाखेची रोकड कमी होते, ती करन्सी चेस्टमधून नोटा मागवते, आणि चेस्टमधल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या असल्यामुळे त्या बाहेर पडताच बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात तेवढी रक्कम नावे पडते. त्या क्षणी व्यवस्थेतली लिक्विडिटी दोन लाखांनी घटली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार होतात, नोटा बाहेर जातात. शेवटच्या आठवड्यात दुकानदारांच्या गल्ल्यातून परत येतात. पावसाळ्यात परततात, दसरा-दिवाळीला आणि खरिपाच्या पैशाबरोबर पुन्हा निघतात. लग्नसराई, निवडणुका. ही लाट इतकी नियमित असते की बॉक्स आणि जेनकिन्स यांनी १९७० साली मांडलेल्या जुन्या पद्धतीनेही तिचा अंदाज बऱ्यापैकी लागतो. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अभ्यासकांनी युरोच्या नोटा व्यवहारात आल्या त्याच सुमाराला रोजच्या नोटांसाठी अशी मॉडेलं करून दाखवली होती.

फक्त आपली लाट इंग्रजी महिन्यांनी चालत नाही. इथे बाहेरून आणलेलं तयार सॉफ्टवेअर तोंडावर पडतं. २०२२ साली दिवाळी २४ ऑक्टोबरला, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात काय होतं असं तुम्ही मॉडेलला विचारलंत, तर एका वर्षी तो दिवाळीचा आठवडा असतो आणि दुसऱ्या वर्षी दसऱ्याचा. दोन्हींची सरासरी काढून ते जे सांगेल ते एकाही वर्षाला लागू पडणार नाही. अधिक महिना आला की आणखी गंमत. २०२० साली पितृपक्ष संपला आणि नवरात्र बसायला पुरता महिना गेला, कारण मधे अधिक आश्विन होता. त्या महिन्याला ‘सणाआधीचा’ म्हणायचं की नाही, हे ठरवायला कुठलंही न्यूरल नेटवर्क लागत नाही, पंचांग लागतं. लेखिकेने तारखांच्या जागी लक्ष्मीपूजनापासूनचे दिवस मोजले आहेत, उणे तीस ते अधिक वीस, आणि ईदसाठीही तसाच वेगळा रकाना केला आहे. तिसऱ्या प्रकरणातली ही दहा पानं मी दोनदा वाचली. जिथे पुस्तकाचं नाव मोठ्या अक्षरांत मशीन लर्निंग सांगतं, तिथे सगळ्यांत मोठा फायदा त्या साध्या मोजणीने झाला, हे तिने लपवलेलं नाही.

या दारावरही सवय मोडून निर्णय आत शिरला, असं झालं आहे. ८ नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी. त्या आठवड्याच्या सुरुवातीला चलनात सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा होत्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या निम्म्यावर आल्या. बाकीचा पैसा बँकांत येऊन पडला आणि बँका तो रिझर्व्ह बँकेकडे परत ठेवायला धावल्या. तो इतका की २६ नोव्हेंबरला वाढीव ठेवींवर शंभर टक्के सीआरआर लावावा लागला. विद्यार्थी विचारतात, नोटबंदीचे महिने मॉडेलमध्ये ठेवायचे की काढायचे? ठेवले तर यंत्र नोव्हेंबरला घाबरायला शिकतं. काढले तर त्याला वाटतं असं कधी होतच नाही. माझ्या मते काढावेत, आणि काढले आहेत हे अंदाजाच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं.

सरकारचं दार वेगळ्या जातीचं. त्यातून आत येणारा पैसा बराचसा दिनदर्शिकेने बांधलेला असतो: अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या चार तारखा, दर महिन्याला विसाव्या तारखेच्या आगेमागे जीएसटी, सात तारखेला टीडीएस, आणि रोख्यांच्या लिलावानंतरच्या सेटलमेंटचे दिवस. बाहेर जाणारा पैसा मात्र मंत्रालयांच्या मनावर. पगार-पेन्शन ठरलेलं, पण बाकीचं? पूर्वी योजनांचा पैसा राज्यांच्या यंत्रणांच्या बँक खात्यांत आधीच जाऊन बसत असे. २०२१पासून एक-खाते पद्धत आली, मग लागेल तेव्हाच पैसा सोडण्याकडे कल वाढला, आणि तोच पैसा आता रिझर्व्ह बँकेच्या भिंतीआड जास्त दिवस थांबतो. मॉडेलच्या भाषेत, जुन्या वर्षांत शिकलेली ‘खर्चाची सवय’ एका कार्यालयीन परिपत्रकाने शिळी झाली.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत हे दार जवळून बघायला मिळालं. आचारसंहितेच्या काळात खर्चाचा वेग मंदावला, कर येत राहिला, आणि बँकांकडे पैसा टाइट झाला. मे महिन्याच्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेने केंद्राला २.११ लाख कोटींचा वरकड देण्याचं ठरवलं, तेव्हा आमच्याकडचा एक तरुण डीलर उत्साहाने म्हणाला, आता पैसाच पैसा. त्याला म्हटलं, थांब. पैसा रिझर्व्ह बँकेच्या एका खात्यातून तिच्याच दुसऱ्या खात्यात गेला. भिंत ओलांडून तो आपल्याकडे येईल सरकारने खर्च केल्यावर, आणि ते कधी, हे सरकारच जाणे.

इथे बाहेरच्या माणसाची अडचण अशी की दाराच्या आत काय आहे ते दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक पत्रकात केंद्र सरकारच्या ठेवींचा आकडा आठवड्यामागून आठवडा शंभर-एकशे एक कोटींच्या आसपास उभा असतो. नवा विद्यार्थी तो घेतो, आलेख काढतो, आलेख सपाट रेघ येतो, आणि तो निष्कर्ष काढतो की सरकारचा तरलतेशी संबंध नाही! वास्तविक शुक्रवारची किमान शिल्लक शंभर कोटी ठरलेली आहे, तेवढीच तिथे दिसते. वरचा सगळा पैसा वेगळ्या शीर्षाखाली मांडलेला असतो. खरा धागा रोजच्या प्रसिद्धिपत्रकाच्या तळाशी, लिलावासाठी धरलेल्या सरकारी शिलकीच्या ओळीत सापडतो. हे शोधायला लेखिकेला तीन आठवडे लागले होते. तिने ते एका परिच्छेदात सांगून टाकलं आहे; मी तिच्या जागी असतो तर प्रकरणभर मिरवलं असतं.

त्याच प्रसिद्धिपत्रकातला दुसरा सापळा चिन्हाचा. तिथे ‘तरलता पुरवली’ याला अधिक आणि ‘शोषली’ याला उणे. म्हणजे आकडा अधिक असेल तर बँका तंगीत आहेत. वर्तमानपत्रं नेमकी उलटी लिहितात: तुटवडा उणे, आधिक्य अधिक. दोन्हीकडून आकडे गोळा करून एकाच रकान्यात भरले की मॉडेल अर्धी वर्षं उताणं आणि अर्धी वर्षं पालथं शिकतं. आणि नावं बदलतात ती वेगळीच. ८ एप्रिल २०२२ला बँकांनी रात्रीपुरता पैसा ठेवायची नवी सोय, स्टँडिंग डिपॉझिट फॅसिलिटी, आली. त्या दिवसापर्यंत ज्या ओळीत लाखो कोटी होते ती रिव्हर्स रेपोची ओळ जवळजवळ रिकामी झाली आणि शेजारी नवी ओळ उगवली. पैसा तोच, पाटी नवी. यंत्राला पाटी दिसते.

डॉलरच्या दाराबद्दल थोडक्यात. तिथे अंदाज बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रुपया घसरू लागला की रिझर्व्ह बँक डॉलर विकते, बदल्यात रुपये तिच्याकडे जातात आणि व्यवस्थेतून नाहीसे होतात. किती विकले याचा मासिक आकडा बाहेर येतो तोवर दोन महिने उलटलेले असतात. जे आधीच दिसतं ते एवढंच, की डॉलर-रुपया स्वॅप केले असतील तर त्यांच्या परतीच्या तारखा ठरलेल्या असतात. त्या वहीत लिहून ठेवाव्यात. बाकी इथे एका आकड्याऐवजी तीन प्रसंग मांडावेत: काही नाही विकलं तर, थोडं विकलं तर, भरपूर विकलं तर. पुस्तकात या दारासाठीही एक मॉडेल आहे. ते मला पटलेलं नाही, आणि हे छापायला लेखिकेची हरकत नाही.

डिसेंबर २०२४च्या त्या शुक्रवारनंतर हेच दार उघडं राहिलं. सीआरआर दोन टप्प्यांत अर्ध्या टक्क्याने उतरवून रिझर्व्ह बँकेने १.१६ लाख कोटी रुपये मोकळे केले होते. कराने ते ओढून घेतले. रुपया सावरायला डॉलर विकले जात होते. सप्टेंबरअखेर सुमारे ७०५ अब्ज डॉलर असलेली परकीय गंगाजळी, तिच्या मूल्यातला फरक धरून, जानेवारीच्या मध्यावर ६२५ अब्जांच्या खाली आली. १६ जानेवारीपासून रोजचे रेपो लिलाव सुरू झाले, तरी महिना संपायच्या आत तुटवडा तीन लाख कोटींच्या वर गेला. २७ जानेवारीला रोखेखरेदी, ५६ दिवसांचा रेपो आणि पाच अब्ज डॉलरचा स्वॅप, असं तिन्ही बाजूंनी पाणी सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं. आमची सगळी मॉडेलं त्या महिन्यात चुकली. पण दारनिहाय चूक मांडली तेव्हा दिसलं की नोटांचा अंदाज जवळजवळ बरोबर होता, सरकारचा दोन दिवसांनी पुढे-मागे, आणि सगळी गफलत डॉलरच्या दारातली. एकच मोठं मॉडेल केलं असतं तर ते नोटांबद्दलही आत्मविश्वास गमावून बसलं असतं.

आता मॉडेलांविषयी, माझ्या अल्पमतीने. नवशिक्याला वाटतं की यंत्राला भरपूर डेटा घातला की झालं. भरपूर कुठे आहे? रिझर्व्ह बँकेकडे रोज पैसा ठेवायची-उचलायची सोय, लिक्विडिटी अ‍ॅडजस्टमेंट फॅसिलिटी, जून २०००मध्ये आली. पंचवीस वर्षांचे कामाचे दिवस सहा हजारांच्या आसपास, पण मार्चअखेर फक्त पंचवीस. त्यातल्या पहिल्या दहा वर्षांत मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटी, म्हणजे चढ्या दराने उसन्या पैशाची खिडकी, नव्हती, डिसेंबर २०२०पर्यंत आरटीजीएस चोवीस तास नव्हतं, आणि एप्रिल २०२२पासूनचा आजचा कारभार धरला तर हाताशी उरतात ते जेमतेम काही शे दिवस. मांजराचे लाखो फोटो बघून मांजर ओळखायला शिकलेल्या यंत्राला आपण पंचवीस मार्चअखेरी दाखवून सव्विसावी ओळखायला सांगतो आहोत.

निर्णयवृक्षांचे जंगल, म्हणजे ब्रायमन यांनी २००१ साली मांडलेलं रँडम फॉरेस्ट, आमच्याकडे चांगलं चाललं, पण एका अटीवर. झाड जे उत्तर देतं ते पूर्वी पाहिलेल्या उत्तरांची सरासरी असते. त्यामुळे आजवरच्या कमाल आकड्याच्या पुढे ते जाऊच शकत नाही. चलनातल्या नोटा २०१६च्या १८ लाख कोटींवरून २०२४मध्ये ३५ लाख कोटींच्या पुढे गेल्या. झाडाला एकूण आकडा दिला तर ते दरवर्षी जमिनीकडे बघत बसतं. रोजचा फरक द्यावा, मग ते कामाला लागतं. दूरची आठवण ठेवणारी एलएसटीएमसारखी नेटवर्कं आम्ही हौसेने चालवली. सुखाच्या दिवसांत ती साध्या हंगामी मॉडेलच्या केसभर पुढे, वाईट दिवसांत बरीच मागे. २०१८च्या एम४ स्पर्धेत जगभरच्या अंदाजकारांनाही साधारण हेच दिसलं होतं: जिंकली ती जुनी घातांकी पद्धत आणि नेटवर्क यांची सांगड, निव्वळ यंत्रं मागे पडली. पुस्तकातही शेवटी टिकून राहतं ते मिश्रणच.

मॉडेल तपासण्याच्या रीतीबद्दल मात्र मी अडून बसेन. सहा हजार दिवस पत्त्यांसारखे पिसून त्यातले काही परीक्षेला ठेवायचे, ही इतर क्षेत्रांत चालणारी पद्धत इथे म्हणजे पेपर फोडणं आहे. मंगळवारचा आकडा परीक्षेत आणि सोमवार-बुधवारचा अभ्यासात, मग गुण का नाही मिळणार? काळाच्या क्रमानेच पुढे जायचं, आणि त्या सकाळी जे आकडे खरोखर प्रसिद्ध झालेले होते तेवढेच वापरायचे. चुकीची टक्केवारीही विसरा. तरलतेचा आकडा शून्य ओलांडून इकडून तिकडे जातो. २०२१च्या सप्टेंबरात रोज सरासरी नऊ लाख कोटी शोषले जात होते आणि जानेवारी २०२५मध्ये तीन लाख कोटींहून अधिक पुरवावे लागत होते. मधे कुठेतरी तो शंभर कोटी असतो, तुम्ही पाचशे म्हणता, आणि टक्केवारी सांगते चारशे टक्के चूक. चूक कोटींतच मोजावी.

आणि रुपयांतही. अंदाज हजार कोटींनी चुकून पैसा जास्त उरला तर तो रात्री रिझर्व्ह बँकेकडे रेपोपेक्षा पाव टक्का कमी दराने पडतो. एका दिवसाचं नुकसान साधारण ६८ हजार रुपये. कमी पडला तर मार्जिनल खिडकीवर पाव टक्का जास्त, पुन्हा तेवढंच. पण तारण ठेवायला रोखे उरले नाहीत, किंवा खिडकी बंद होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि सीआरआरची रोजची किमान शिल्लक तेवढ्याने मोडली, तर दंड बँक रेट अधिक तीन टक्के. बँक रेट साडेपाच धरला तर हजार कोटींवर एका दिवसाचे २३ लाखांहून जास्त, आणि वर जे पत्र येतं त्याचा हिशेब रुपयांत होत नाही. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला दरी. अशा रस्त्यावर मधोमध चालणारा अंदाज कामाचा नाही, दरीपासून थोडा दूर राहणारा हवा. सातव्या प्रकरणात हे गणिताने केलं आहे. जुने डीलर तेच दिवसाअखेर थोडा पैसा ‘हातात’ ठेवून करत.

व्यवस्थेचा आकडा म्हणजे आपल्या बँकेचा आकडा नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. एकूण आधिक्य असताना काही बँका रात्री पैसा ठेवतात आणि काही त्याच रात्री उचलतात. हवेत पाऊस आहे म्हणून आपल्या विहिरीला पाणी असेलच असं नाही.

जुन्या दिवसांतला एक प्रसंग सांगायचा राहिला. ३० मार्च २००७. शुक्रवार, आणि तोही रिपोर्टिंग फ्रायडे, म्हणजे पंधरवड्याचा सीआरआरचा हिशेब त्याच दिवशी बंद व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्षअखेर. एनडीएस-कॉलचा पडदा येऊन सहाच महिने झाले होते. अर्धे सौदे अजून फोनवरच्या ओळखीने होत. त्या दिवशी कॉलचा भाव पन्नास टक्क्यांच्या पुढे गेला. माझे वरिष्ठ चहाचा कप हातात घेऊन पडद्यासमोर उभे होते; चहा गार झाला तरी घोट घेतला नव्हता. त्याच वर्षी जुलैत, रिझर्व्ह बँक रोज तीन हजार कोटींहून जास्त पैसा ठेवून घ्यायला तयार नसल्यामुळे, तोच भाव एक टक्क्याच्या खाली लोळत होता. मर्यादा ६ ऑगस्टला उठली आणि भाव जागेवर आला. चार महिन्यांत पन्नासहून शून्याजवळ. लेखिकेच्या यंत्राने मार्चचा दिवस मागे वळून बऱ्यापैकी ओळखला: वर्षअखेर आणि शुक्रवार एकत्र. जुलै त्याला आजही कळत नाही. तीन हजार कोटींची ती मर्यादा कुठल्याच रकान्यात नाही, ती एका परिपत्रकात आहे.

रिपोर्टिंग फ्रायडेचंही आता तसंच. बँकिंग कायद्याच्या २०२५च्या दुरुस्तीने पंधरवड्याची व्याख्याच बदलली: एकाआड एक शुक्रवारऐवजी महिन्याची पंधरा तारीख आणि शेवटचा दिवस. पिढ्यान्‌पिढ्या डीलरांच्या अंगात भिनलेला तो शुक्रवार कायद्यातून गेला. पंचवीस वर्षांच्या आकड्यांत तो ठसठशीत दिसतो, आणि पुढच्या आकड्यांत दिसायचं कारण उरलेलं नाही. त्यातून पंधरा तारीख म्हणजे वर्षातून चारदा अ‍ॅडव्हान्स टॅक्सचीच तारीख. दोन्हींचा एकत्र परिणाम काय होईल याचा पुरावा भूतकाळात नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी तरी काम उरलं, असं मी लेखिकेला म्हटलं.

हस्तलिखित हातात आल्यावर मी आधी गणित उघडलं नाही. शेवटच्या परिशिष्टातला सुट्ट्यांचा आणि मुदतींचा तक्ता काढला, स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय उतरवून आणलं आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. १५ मार्च २०२६, रविवार. समोरच्या रकान्यात तिने १७ मार्च, मंगळवार लिहिलं होतं. बरोबर. पुढे दोन ठिकाणी मी पेन्सिलीने खुणा केल्या, त्या तिने मुकाट्याने मान्य केल्या. तिसऱ्या खुणेवर फोन आला. “सर, तुम्ही अधिक ज्येष्ठ विसरलात.” कालनिर्णय पुन्हा पाहिलं. तिचंच बरोबर होतं.